ऑब्जेक्ट एका मशीनबाहेर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: कणांचं सिम्युलेशन करणारा एक मोठा प्रोग्रॅम आहे, क्लास आणि ऑब्जेक्टमध्ये (म्हणजे डेटा आणि त्यावर काम करणाऱ्या मेथड यांच्या गाठोड्यांमध्ये) नीट बांधलेला. दर पायरीला एक मध्यवर्ती ऑब्जेक्ट सगळ्या कणांची नोंद घेतो. एका मशीनवर तो आता मावत नाही. ऑब्जेक्ट आहेत तसेच ठेवून ते बऱ्याच मशीनवर पसरवले आणि मेथड कॉल नेटवर्कवरून जाऊ दिले, तर काम भागेल का? शिवाय ऑब्जेक्ट-आधारित रचना आणि समांतर गणन यांचं मुळातच जमत नाही असं बरेच जण म्हणतात, त्यात तथ्य किती?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिल्याचं निम्मं उत्तर हाती येतं.

जमत नाही हे खरं नाही. उलट ऑब्जेक्ट ही कल्पनाच मुळी एकाच वेळी चालणाऱ्या अनेक गोष्टी मांडण्यासाठी पुढे आली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवली ती सिम्युलेशनसाठीच. तिथल्या ऑब्जेक्टला स्वतःचा क्रम असायचा: थोडं चालायचं, थांबायचं, दुसऱ्याला चालू द्यायचं, मग जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं. प्रोसेसर एकच होता, त्यामुळे हे खरंखुरं समांतर नव्हतं. पण प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची गती होती. पुढे सी++ ने आणि मग जावाने क्लास घेतले, वारसा (एका क्लासच्या मेथड दुसऱ्याला आयत्या मिळणं) घेतला आणि ही गती तेवढी मागे ठेवली. ऑब्जेक्ट म्हणजे डेटा आणि त्याच्या मेथड, एवढंच उरलं. धावणारा थ्रेड, म्हणजे सूचना एकामागून एक पार पाडत जाणारा धागा, वेगळा आणि तो ज्यांच्यातून धावतो ते ऑब्जेक्ट वेगळे. सगळी गोम इथे आहे.

मेंबर, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतला डेटा, प्रायव्हेट केला की तो सुरक्षित झाला, अशी आपली सवयीची समजूत असते. प्रायव्हेट फक्त एवढंच सांगतं की या डेटाला हात कोणत्या कोडने लावायचा. कधी लावायचा, आणि त्याच क्षणी आणखी कोणी लावत असेल तर काय, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. यावर होअर आणि ब्रिंच हान्सन या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मॉनिटर मांडला: ऑब्जेक्टच्या दारावर एक लॉक, आत एका वेळी एकच थ्रेड. जावाचं सिंक्रोनाइज्ड हे त्याचंच धाकटं भावंड. एका ऑब्जेक्टपुरतं हे चोख चालतं. दोन ऑब्जेक्ट आले की गाडं अडतं. खाते क्रमांक १ मधून २ मध्ये रक्कम टाकणारा थ्रेड आधी १ चं लॉक घेतो, मग २ चं मागतो. त्याच वेळी उलट दिशेने निघालेला थ्रेड २ चं लॉक घेऊन १ साठी थांबतो. दोघेही कायमचे अडकले. उपाय सगळ्यांना पाठ असतो: लॉक नेहमी चढत्या क्रमानेच घ्या. पण त्याची किंमत बघा. खात्याच्या क्लासला आता स्वतःपुरतं बघून चालत नाही. आपल्याला कोण, कोणत्या क्रमाने, आणखी कोणाबरोबर वापरतंय हे ठाऊक असावं लागतं. जी आतली बाब आतच राहावी म्हणून क्लास बांधला, तीच बाहेर आली.

वारसा तर या बाबतीत आणखी अडचणीचा. मात्सुओका आणि योनेझावा या संशोधकांनी १९९३ मध्ये याची उत्तम चिरफाड केली. त्यांचं उदाहरण साधं आहे. ठरावीक मापाचा एक बफर, त्यात टाकणारी आणि काढणारी अशा दोन मेथड. उपक्लासमध्ये काढणारी तिसरी मेथड घालायची आहे, पण अट अशी की ती ‘टाका’ नंतर लगेच चालवायची नाही. अट निरुपद्रवी दिसते. पण शेवटची मेथड कोणती चालली हे कुठेतरी नोंदवायला हवं, आणि ती नोंद जुन्या दोन्ही मेथडनीच करायला हवी. म्हणजे वारशाने आयत्या मिळालेल्या मेथड पुन्हा लिहिणं आलं. मग वारसा कसला? तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: ज्या क्लासमध्ये कोणी कधी थांबायचं याचे नियम आहेत, त्याला उपक्लास काढायचा नाही. हिशेब करणारा भाग वेगळ्या क्लासमध्ये ठेवा, त्याला हवा तेवढा वारसा लावा, आणि थांबण्या-थांबवण्याचं काम त्याच्याभोवतीच्या पातळ आवरणाकडे सोपवा.

या सगळ्यातून निघणारी एक वाट फार आधीच सापडली होती. कार्ल ह्यूइट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अ‍ॅक्टर मांडले. अ‍ॅक्टर म्हणजे असा ऑब्जेक्ट ज्याची स्थिती फक्त त्याची आहे, ज्याला बाहेरून फक्त मेसेज पाठवता येतो, आणि जो एका वेळी एकच मेसेज हाताळतो. थ्रेड बाहेरून आत शिरतच नाही, त्यामुळे आत लॉकची गरजच पडत नाही. सिम्युलामधली हरवलेली गती ऑब्जेक्टला परत मिळाली असं म्हणा हवं तर. एरिक्सन या टेलिफोन-यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत १९८६ च्या सुमाराला सुरू झालेली एर्लँग ही भाषा याच धाटणीची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजारो संभाषणं सांभाळायची, तर प्रत्येकाला आपापली हलकी प्रोसेस देऊन टाकली की बाकीचं बरंच सोपं होतं. आज अक्का, ऑर्लिन्स, रे या साधनांची नावं ऐकता, ती सगळी थोड्याफार फरकाने याच घराण्यातली.

तुमच्या प्रोग्रॅममधले ऑब्जेक्ट बहुधा असे नाहीत. त्यांच्यात एकमेकांचे संदर्भ जागोजाग असतील, गेटर (आतली किंमत वाचून देणाऱ्या मेथड) असतील, एकाने दुसऱ्याची लिस्ट परस्पर बदलणं असेल. तसे ते असतील, तर नेटवर्कवर जाण्याआधीच, एका मशीनवरच्या चार कोअरवरही ते तुम्हाला रडवतील.

आता मूळ प्रश्न. ऑब्जेक्ट तसेच ठेवून मेथड कॉल नेटवर्कवरून जाऊ द्यायचे का?

ही कल्पना इतकी मोहक आहे की एक अख्खा काळ तिच्यामागे गेला. दूरच्या ऑब्जेक्टला कॉल करू देणाऱ्या व्यवस्था एकापाठोपाठ आल्या: कॉर्बाची पहिली आवृत्ती १९९१ ची, मायक्रोसॉफ्टचं डीकॉम १९९६ चं, जावातलं आरएमआय १९९७ चं. सगळ्यांचं आश्वासन साधारण एकच: ऑब्जेक्ट कुठे आहे याची फिकीर करू नका, इथे असला काय आणि दुसऱ्या खंडात असला काय, कॉल सारखाच दिसेल. दिसतो खरा सारखा. इथेच घोडं पेंड खातं.

आकडे मांडून बघू. तुमच्याकडे दहा हजार कण आहेत आणि प्रत्येकाची एक्स, वाय, झेड ही स्थिती तीन गेटरमधून वाचायची आहे. म्हणजे तीस हजार कॉल. एका प्रोसेसमध्ये एका कॉलला दोन नॅनोसेकंद धरले तर सगळे मिळून ६० मायक्रोसेकंद. कंपायलर हुशार असेल तर त्याहूनही कमी. आता कण शेजारच्या मशीनवर आहेत असं धरा. डेटा सेंटरमधल्या साध्या नेटवर्कवर जाऊन येण्याला अर्धा मिलिसेकंद हा सरसकट धरायला बरा आकडा आहे. तीस हजार गुणिले अर्धा मिलिसेकंद म्हणजे १५ सेकंद. कोडमधलं एक अक्षरही बदललं नाही, आणि तेच काम अडीच लाख पट हळू झालं. हेच दहा हजार कणांचे तीस हजार आकडे एका मेसेजमध्ये मागवले तर? प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे २४० किलोबाइट. दहा गिगाबिटच्या जोडणीवर ते पाव मिलिसेकंदाच्या आत जातात. फेरीचा अर्धा मिलिसेकंद धरून सगळं एका मिलिसेकंदाच्या आत आटोपतं.

नेटवर्क मंद आहे असा याचा अर्थ लावू नका. बारीकसारीक प्रश्न विचारत राहणारा इंटरफेस एका प्रोसेसमध्ये शोभून दिसतो आणि दोन मशीनमध्ये जीव घेतो. म्हणून ऑब्जेक्टची सीमा आणि मशीनची सीमा हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय लपवता येत नाही. मी या विषयात ठामपणे सांगेन अशी एकच गोष्ट असेल तर ती हीच.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतल्या वाल्डो, वायंट, वॉलरथ आणि केंडॉल यांनी १९९४ मध्ये एक टिपण लिहून हे स्पष्टच मांडलं. त्यांच्या मते जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट यांच्यात चार बाबतींत फरक आहे: लागणारा वेळ, मेमरीला थेट हात लावता येणं, अर्धवट बिघाड, आणि एकाच वेळी चालणारी कामं. पहिला फरक आत्ता आकड्यांत पाहिला. दुसरा आरएमआयमध्ये डोळ्यांनी दिसतो. जवळच्या कॉलला लिस्ट दिली तर तिचा संदर्भ जातो. तुम्ही आत बदल केला तर बोलावणाऱ्याला तो दिसतो. दूरच्या कॉलला तीच लिस्ट दिली तर तिची प्रत जाते. आत कितीही बदल करा, बाहेर पत्ता लागत नाही. सही (मेथड काय घेते आणि काय देते याची जाहिरात) तीच, मेथडचं नाव तेच, अर्थ मात्र वेगळा. गंमत म्हणजे आरएमआय घडवणाऱ्यांत याच टिपणाचे काही लेखक होते, आणि म्हणूनच त्यात दूरच्या प्रत्येक मेथडला रिमोट एक्सेप्शन, म्हणजे ‘हा कॉल वाटेत फसू शकतो’ ही कबुली, जाहीर करणं सक्तीचं आहे. लोक त्या सक्तीला कंटाळून शिव्या घालतात. मला ती त्या रचनेतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

खरा घोर तिसऱ्या फरकाचा. एका प्रोसेसमध्ये बिघाड झाला की सगळं एकदम जातं. अर्धं मेलेलं, अर्धं जिवंत अशी अवस्था सहसा नसते. दोन मशीन आली की ती रोजची होते. दूरच्या ऑब्जेक्टला ‘शंभर वजा कर’ असा मेसेज पाठवला आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही. काय झालं असेल? मेसेज पोचलाच नसेल. पोचला असेल, पण काम करण्याआधीच ते मशीन बंद पडलं असेल. किंवा शंभर वजा होऊन गेले असतील आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा काहीच बिघडलेलं नसेल, ते मशीन नुसतं वापरात नसलेली मेमरी मोकळी करत दोन सेकंद थांबलं असेल. पाठवणाऱ्याच्या बाजूने या चारही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. पुन्हा पाठवला तर कदाचित दोनशे वजा होतील, नाही पाठवला तर कदाचित शून्य.

यावरचा तोडगा मेसेजच्या रचनेतच घालावा लागतो, नंतर वरून चिकटवता येत नाही. प्रत्येक विनंतीला पाठवणाऱ्यानेच एक क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवायचा. घेणाऱ्या ऑब्जेक्टने ‘हा क्रमांक मी आधी हाताळला आहे, त्याचं उत्तर हे होतं’ अशी नोंद ठेवायची, आणि ती नोंद शिल्लक बदलण्याच्या त्याच व्यवहारात, एकत्रच पक्की करायची. शिल्लक आधी लिहिली आणि क्रमांक नंतर, तर मधल्या क्षणी मशीन बंद पडल्यावर पहिले पाढे पंचावन्न. किंवा मग मेसेजच असा लिहा की दोनदा झाला तरी बिघडू नये: ‘शंभर वजा कर’ ऐवजी ‘शिल्लक नऊशे कर, ती अजून आवृत्ती १७ वर असेल तरच’. दूरच्या ऑब्जेक्टचा इंटरफेस तपासताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही मेथड दोनदा चालली तर काय होईल? याचं उत्तर चटकन आलं नाही तर पुढचं काही बघण्यात अर्थ नसतो.

चौथा फरक अ‍ॅक्टरमुळे बराचसा मिटतो, पण पुरता नाही. अ‍ॅक्टर अ ने ब ला मेसेज पाठवला आणि उत्तरासाठी थांबला. ब ला उत्तर देण्यासाठी अ कडूनच एक माहिती हवी आहे. अ तर थांबलेला, दुसरा मेसेज घेत नाही. लॉक एकही नाही आणि तरी दोघे अडकले. काही रनटाइममध्ये (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत) यावर सोय असते की थांबलेल्या अ ला मधला मेसेज घेऊ द्यायचा. मग अडकणं सुटतं, पण उत्तर येईपर्यंत अ ची स्थिती बदललेली असू शकते. थांबण्याआधी वाचलेली कुठलीही गोष्ट थांबल्यानंतर खरी धरायची नाही. ती पुन्हा वाचायची. माझी पसंती तिसऱ्या वाटेला आहे: अ ने थांबूच नये. मेसेज पाठवावा, आपल्या स्थितीत ‘ब च्या उत्तराची वाट आहे’ असं नोंदवावं आणि मोकळं व्हावं. उत्तर आलं की तोही एक मेसेजच.

हे झालं काय टाळायचं याचं. दूरच्या ऑब्जेक्टचा प्रश्न नीट हाताळणाऱ्या व्यवस्थाही कॉर्बाच्या आधीच, १९८० च्या दशकात, घडत होत्या, आणि त्यातल्या कल्पना आजही कामाच्या आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एमराल्ड या भाषेमध्ये ऑब्जेक्ट चालू असताना एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवता यायचा, आणि कॉल करताना ‘हा पॅरामीटर तिकडे घेऊनच जा’ असं सांगायची सोय होती. ज्याच्यावर दूरची मेथड शंभर वेळा काम करणार आहे, तो ऑब्जेक्टच तिच्याजवळ न्यायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा हे बरं. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रीये विद्यापीठातल्या ओर्का या भाषेने उलटी वाट धरली: वाचणं जास्त आणि लिहिणं कमी असेल तर ऑब्जेक्टच्या प्रती सगळ्या मशीनवर ठेवायच्या. वाचणं जागच्या जागी, नेटवर्कशिवाय. लिहिणं सगळ्यांना एकाच क्रमाने कळवायचं. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या एमआयटीतल्या आर्गस या भाषेमध्ये तर दोन प्रकारचे ऑब्जेक्ट सरळ वेगळे होते. गार्डियन म्हणजे मशीनवर राहणारा, बंद पडला तरी सावरणारा मोठा ऑब्जेक्ट. आणि त्याच्या पोटातले साधे ऑब्जेक्ट, ज्यांचे संदर्भ बाहेर जातच नाहीत. मला विचाराल तर तुमच्या प्रोग्रॅमची पुनर्रचना करताना याच विभागणीपासून सुरुवात करावी.

म्हणजे कसं? प्रत्येक कण हा दूरचा ऑब्जेक्ट करू नका. जागेचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा हा एक मोठा ऑब्जेक्ट करा, आणि कण त्याच्या पोटात साध्या सलग अ‍ॅरेमध्ये ठेवा. बाहेरच्यांशी बोलतो तो फक्त तुकडा. अ‍ॅरे सलग ठेवल्याने कॅशेचाही, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचाही, फायदा होतो. (दोन थ्रेड दोन वेगळ्या ऑब्जेक्टवर काम करत असले, पण ते दोन्ही ६४ बाइटच्या एकाच कॅशे लाइनमध्ये बसले असले, तर ती लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे नुसती उड्या मारत राहते. लॉक नाही, चूक नाही, तरी वेग गायब. प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनात) कॅशे चुकण्याचे आकडे बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही.)

तुकडा केवढा करायचा, यात खरी कला आहे. कणांऐवजी थोडं सोपं उदाहरण घेतो: ८००० गुणिले ८००० बिंदूंची जाळी, प्रत्येक बिंदूची नवी किंमत शेजारच्या चार बिंदूंवरून काढायची, आणि आपल्याकडे १६ कोअर. एका बिंदूला एक नॅनोसेकंद लागतो असं समजू.

सरळ सुचणारी विभागणी म्हणजे १६ कोअरना १६ तुकडे, प्रत्येकी २००० गुणिले २०००, म्हणजे एका पायरीला चार मिलिसेकंदांचं काम. दिसायला नीटनेटकं. पण शेजाऱ्याच्या कडेची ओळ येईपर्यंत कोअरला करायला दुसरं काही नाही, तो नुसता थांबतो. दुसऱ्या टोकाला १० गुणिले १० चे तुकडे करून बघा. काम १०० बिंदूंचं, म्हणजे ०.१ मायक्रोसेकंद, आणि त्यासाठी चार मेसेज, प्रत्येकाच्या बांधाबांधीलाच मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंद. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आता मधलं माप घ्या: १००० गुणिले १०००, एकूण ६४ तुकडे, प्रत्येक कोअरवर चार. एका तुकड्याचं काम एक मिलिसेकंद, आणि चारही कडा मिळून ३२ किलोबाइट, ज्या चांगल्या नेटवर्कवर काही दशक मायक्रोसेकंदांत येतात. शिवाय एक तुकडा शेजाऱ्याची वाट बघत असताना त्याच कोअरवरच्या उरलेल्या तीनपैकी ज्याचे मेसेज आलेत तो चालू शकतो. थांबण्याचा वेळ कामाखाली झाकला जातो. मेसेज आला की मगच मेथड चालवायची, ही अ‍ॅक्टरची पद्धत इथे आपोआप उपयोगी पडते.

या विभागणीचा मोठा लाभ तर पुढेच आहे. समजा एका कोपऱ्यात काम तिप्पट जड झालं, आणि ते नेमकं एकाच कोअरवरच्या चार तुकड्यांत आलं. तो कोअर आता १२ मिलिसेकंद घेतो, बाकीचे पंधरा चार मिलिसेकंदांत उरकून त्याची वाट बघतात. पायरी १२ ची झाली. रनटाइमने हे मोजलं आणि जड तुकडे चार वेगळ्या कोअरवर हलवले, हलके इकडचे तिकडे केले, तर एकूण ७२ मिलिसेकंदांचं काम १६ जणांत वाटलं जाऊन पायरी पाच मिलिसेकंदांवर येते. सोळाच मोठे तुकडे असते, तर हलवायला काही नव्हतंच. १२ वरच बसावं लागलं असतं. कोअरपेक्षा ऑब्जेक्ट कितीतरी जास्त ठेवा आणि कोण कुठे बसेल हे रनटाइमवर सोडा, हा विचार इलिनॉय विद्यापीठातल्या लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने चार्म++ या प्रणालीमध्ये १९९० च्या दशकापासून तडीस नेला. रेणूंचं सिम्युलेशन करणारं एनएएमडी त्यावरच बांधलेलं आहे, आणि त्याला २००२ मध्ये गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं.

एनएएमडीची रचना तुम्हाला जवळजवळ जशीच्या तशी उचलता येईल. जागेचे घन तुकडे, ज्यांची बाजू ही बलाच्या मर्यादा-अंतरापेक्षा (ज्यापलीकडचं बल हिशेबात धरायचं नाही) किंचित मोठी, म्हणजे एका तुकड्यातल्या अणूचा संबंध फक्त स्वतःच्या आणि भोवतीच्या २६ तुकड्यांशी. आणि दोन तुकड्यांमधलं बल काढणं हे त्या दोघांपैकी कोणाचंच काम नाही. त्यासाठी तिसराच ऑब्जेक्ट. स्थिती सांभाळणारे ऑब्जेक्ट वेगळे, हिशेब करणारे वेगळे. हिशेब करणाऱ्यांना स्वतःची जड स्थिती नसते, म्हणून त्यांना हलवणं स्वस्त पडतं, आणि भार सारखा करताना रनटाइम मुख्यतः त्यांनाच हलवतो. ऑब्जेक्ट म्हणजे नाम आणि मेथड म्हणजे क्रियापद, असं शिकवणाऱ्यांना ‘अ आणि ब मधलं बल’ हा ऑब्जेक्ट विचित्र वाटेल. समांतर रचनेत असे क्रियारूप ऑब्जेक्टच जास्त उपयोगी पडतात.

ऑब्जेक्ट हलवायचा तर त्याची स्थिती गुंडाळून पाठवता आली पाहिजे. चार्म++ मध्ये यासाठी प्रत्येक क्लासला एक छोटी मेथड लिहावी लागते: कोणते मेंबर गुंडाळायचे आणि कसे उलगडायचे. तीच मेथड डिस्कवर चेकपॉइंट, म्हणजे मधल्या स्थितीची प्रत, घ्यायलाही चालते. एकदा लिहा, हलवणंही मिळालं आणि मशीन बंद पडल्यावर सावरणंही. तुम्ही कुठलीही भाषा वापरत असाल, तुकड्याच्या क्लासला ही मेथड पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर घालायला गेलं की कुठे उघडी फाइल, कुठे थ्रेड, कुठे तिसऱ्याच ऑब्जेक्टचा पॉइंटर आत लपलेला सापडतो.

दूरच्या ऑब्जेक्टची मेमरी कधी मोकळी करायची हा एक वेगळाच त्रास. संदर्भ धरून बसलेलं मशीनच गेलं तर ‘आता नको’ हा निरोप कधी येणारच नाही. म्हणून भाडेपट्टीची पद्धत: आरएमआयमध्ये संदर्भाची मुदत मुळात दहा मिनिटांची असते, वापरणाऱ्याने ती वेळोवेळी वाढवायची, डीकॉममध्ये दर दोन मिनिटांनी पिंग (‘मी अजून आहे’ असा निरोप), तीन चुकले की संदर्भ सुटला. तुकड्यांची संख्या ठरलेली असेल तर तुम्हाला यातलं काही लागणार नाही.

आता साधनांबद्दल. जाळी नियमित असेल, भार जागच्या जागी राहत असेल, तर ऑब्जेक्टच्या रनटाइमची गरजच नाही. एमपीआय, म्हणजे मशीनमध्ये थेट मेसेज पाठवण्याची प्रचलित लायब्ररी, वापरा, त्यात काही कमीपणा नाही. कण इकडेतिकडे गोळा होत असतील, भार सरकत असेल, तर चार्म++. कामाचं स्वरूप सेवेसारखं असेल, म्हणजे लाखो लहान ऑब्जेक्ट, त्यातले बरेचसे बहुतेक वेळ निजलेले, तर ऑर्लिन्स किंवा एर्लँगच्या घराण्यातलं काही. पायथनमध्येच राहायचं असेल तर बर्कलीत घडलेलं रे चालेल. तिथे क्लासवर एक ओळ चढवली की तो अ‍ॅक्टर होतो, आणि मेथड कॉल उत्तराऐवजी फ्यूचर, म्हणजे उत्तराची पावती, ताबडतोब देतो. नवीन लोक लूपमध्ये कॉल करतात आणि त्याच ओळीत पावती वटवतात. शंभर अ‍ॅक्टर एकामागून एक चालतात आणि मग ‘समांतर करून काही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते. आधी सगळे कॉल सोडा, पावत्या गोळा करा, वटवा शेवटी.

यातलं काहीही बसवण्याआधी एक मोजमाप मात्र करा. आज एका मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा किती वेळ जातो, ज्यात सगळ्यांना एकाची वाट बघावीच लागते: फाइल वाचणं, एकूण ऊर्जा जमवणं, निकाल लिहिणं. अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशेब निर्दय आहे. हा वाटा पाच टक्के असेल तर हजार कोअर लावूनही वेग वीस पटीपलीकडे जात नाही. तुमच्या वर्णनात दर पायरीला एक मध्यवर्ती ऑब्जेक्ट सगळ्या कणांची नोंद घेतो असं आलं आहे. तुकडे पाडण्याआधी त्या ऑब्जेक्टकडे बघा. तो तसाच राहिला, तर दहावं मशीन जोडल्यावरही वेग नऊ मशीनइतकाच मिळेल. नोंद प्रत्येक तुकड्यात घ्या, बेरीज शिडीसारखी दोन-दोन जणांत वर नेत जा, आणि दर पायरीऐवजी दर शंभर पायऱ्यांनी काढली तर निकालात फरक पडतो का, हे ज्यांना तो निकाल लागतो त्यांना विचारून घ्या.